दिवेलागणीची घंटा

त्या काळात मिरजेत कुणी काही अर्धवट सोडत नसे. पहाट झाली की कॉलनीच्या मैदानावर माणसं गोल गोल चालताना दिसत. एका चालीनं, डोळे समोर, चेहऱ्यावर ना कंटाळा ना उत्साह. त्यांना बीजवाले म्हणत. बीज चालू असलेल्या माणसाला हाक मारू नये, असा शिष्टाचारच पडून गेला होता. हाक मारून उपयोगही नव्हता, कारण पाय मैदानावर असले तरी माणूस तिथं नसायचा.

हेमंत कणसेंना आधी हे बघूनच कसंतरी व्हायचं. दूध संघातून निवृत्त होईपर्यंत त्यांनी सगळं स्वतःच्या हिमतीवर केलं होतं. पण गिटारनं त्यांना हरवलं.

लग्नाआधी त्यांनी सारिकाला शब्द दिला होता, तुला गिटार वाजवून दाखवीन. निवृत्तीनंतर गिटार आणली खरी, पण नव्याचे नऊ दिवस सरले की ती कपाटावर जायची. पुन्हा हुरूप यायचा, पुन्हा बोटांची सालं निघायची, आणि पहिल्या बोटानं साऱ्या तारा एकदम दाबायच्या त्या एफच्या कॉर्डपाशी गाडी अडायची.

"तंबोऱ्याच्या गावात गिटार, तीही मुकी," सारिका कणीक मळता मळता म्हणायची. कणीक मळताना ती तिच्या आईची एक चाल गुणगुणायची. शब्द ती विसरली होती, नुसती चाल उरली होती. हेमंतरावांना तीच वाजवायची होती, तिच्यासमोर बसून.

शेवटी ते डॉक्टर नाझनीन मुजावरांकडे गेले.

"काका, तुम्ही सायकल चालवताना पायडलचा विचार करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही बुवा."

"मग कोण चालवतं? मेंदूच्या तळाशी सवयींची एक जागा आहे, ती चालवते. एखादी गोष्ट तिथं उतरायला महिनोन्‌महिने लागतात, आणि तेवढ्यात मन कंटाळतं. म्हणून आम्ही मनालाच बाजूला करतो. हे सवयबीज, मोहरीएवढं. कानामागून आत सोडलं की ते त्या जागेत रुजतं. त्याला एक हाक ठरवून द्यायची, एखादा आवाज. तो आला की मन झोपतं आणि सवय उठते. रियाज संपला की मन जागं होतं."

"आणि मधल्या वेळात मी कुठं असतो?"

"कुठंच नसता. गाढ झोपेत कुठं असता?" डॉक्टर हसल्या. "फक्त हाक नीट निवडा. दिवसातून एकदाच येणारी हवी, आणि कुणाच्या मर्जीवर नको. म्हणून लोक पहाटेचा भोंगा निवडतात."

हेमंतरावांनी घंटा निवडली. सारिका रोज तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून ती वाजवायची. घरात इतकी वर्षं चुकली नव्हती अशी तीच एक गोष्ट. ती कुणाच्या हातात असते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. दिवेलागण ही बायकोची मर्जी असते असं कोणता नवरा मानतो?

पहिल्या दिवशी घंटा वाजली तेव्हा ते निरांजनाकडे बघत होते. पुढच्या क्षणी बाहेर अंधार होता, मांडीवर गिटार होती आणि बोटं चटचटत होती.

"वाजवलं मी?"

"खडखडलं," सारिका म्हणाली. "पण उठला नाहीत तुम्ही. हेच नवल."

हळूहळू बोटांना घट्टे पडले. शेजारी म्हणू लागले, "कणसे, हात बसला हो तुमचा!" हेमंतरावांनी मात्र स्वतःचा एक सूर ऐकला नव्हता. घंटेवाचून गिटार घेतली की बोटं लाकडासारखी. ते मनाची समजूत घालायचे, आज ना उद्या झिरपेल आपल्यातही.

मग गणपती आले. सकाळ-संध्याकाळ आरती, आणि आरतीला घंटा आलीच. एवढा विचार डॉक्टरांनीही केला नव्हता. हेमंतराव टाळ खाली ठेवून उठायचे, आतून गिटार आणायचे आणि सगळ्यांच्या मधोमध बसून वाजवायचे. पाहुणे पोट धरून हसायचे. "देवापुढं नवा वाजंत्री!" सारिका हसली नाही. ती ऐकत होती. आणि घंटा कधीही वाजवली तरी चालते, हे तिला तेव्हा कळलं.

गणपती गेले, आणि हेमंतरावांच्या दिवसाला भोकं पडू लागली. ताटावर बसावं, तर एकदम समोर चहा, तोही निवलेला. एकदा भरदुपारी ते भानावर आले ते न्हाणीतल्या आरशासमोर. आरशातल्या माणसाला मिशी नव्हती.

"सारिका! हे कुणी केलं?"

"तुम्हीच. मी म्हटलं, काढ. काढली." ती क्षणभर थांबली. "तीस वर्षं तुमच्या मागे लागले होते मी."

ते तसेच दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत. "तो बोलतो का?" त्यांनी विचारलं.

"तो कोण?"

"काका, बीजाला आम्ही फक्त रियाज शिकवला होता. पण तुम्ही रोज घर रिकामं करून जाता. रिकामं घर फार दिवस रिकामं राहत नाही. त्याच्यापुढं कुणी बसून ऐकलं, बोललं, तर ते वाढतं."

"काढून टाका."

"उद्या सकाळी काढता येईल. गिटारही जाईल त्याबरोबर. आणि जे वाढलंय तेही." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्याला विचारायला हवं की नाही, ते मला ठाऊक नाही. आजवर कुणी विचारलेलं नाही."

घरी आले तेव्हा ऊन कलतं होतं. सारिका देवापाशीच होती.

"उद्या काढतोय मी ते," हेमंतराव म्हणाले. "एकदा तरी ऐकव मला. काय वाजवत होतो ते."

तिनं नाही म्हटलं नाही. फोनवर टिपून ठेवलेलं लावलं आणि ती भिंतीला टेकून बसली.

गिटार वाजू लागली. तिच्या आईची चाल! कुठं अडणं नाही, घाई नाही. जिथं ती गुणगुणताना श्वास घ्यायची तिथं तारही थांबत होती. हेमंतरावांचे डोळे भरून आले. आपण दिलेला शब्द पुरा झाला होता, आणि आपण तिथं नव्हतो.

चाल संपली. मग सारिकाचं हसू ऐकू आलं, लग्नाच्या नवलाईत हसायची तसं. "हेमंत, थांबू नको ना." हेमंतरावांना तिनं जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती.

मग त्यांचा स्वतःचाच आवाज आला. "उद्या जरा लवकर वाजव."

"त्यांना कळलं तर?"

"कळू दे. त्यांना वाजवता कुठं येतं?"

सारिकानं फोन बंद केला.

"मी बसलेला असायचो ना गं समोर," हेमंतराव शेवटी म्हणाले. "इतकी वर्षं."

"बसलेले असायचात," ती म्हणाली. "तो ऐकतो. मी काय बोलले ते त्याला दुसऱ्या दिवशी आठवतं." मग तिनं पदरानं डोळे टिपले, देव्हाऱ्यातली घंटा उचलली आणि वाजू नये म्हणून आतला लोळा मुठीत धरून त्यांच्यापुढं केली. "घ्या. चुकलं माझं. उद्या सकाळपर्यंत तुमच्यापाशीच ठेवा."

त्यांनी लोळ्याला रुमाल गुंडाळला, घट्ट गाठ मारली आणि घंटा कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. जीव भांड्यात पडला. आज दिवा लागेल, पण घंटा वाजणार नाही. ते खुर्चीत बसले. सारिकानं वात सारखी केली, काडी ओढली; पहिल्या दिवसासारखेच ते निरांजनाकडे बघत होते. बाहेर तिन्हीसांज झाली होती. घरात काहीही वाजत नव्हतं.

तिनं वळून पाहिलं. खुर्चीच्या हातावर त्यांचा डावा हात होता. पहिलं बोट सरळ, सगळ्या तारांवर एकदम आडवं पडावं तसं टेकलेलं. बाकीची बोटं वाकून आपापल्या जागी बसत होती.

"अहो?" ती म्हणाली.

मान खालीच राहिली. ती दिव्यापासून उठली, दोन पावलं पुढं आली, आणि अगदी हळू, कुणी ऐकेल अशा भीतीनं म्हणाली, "हेमंत?"

आणि त्यांनी मान वर केली.