शेवटचा थेंब

"डावीकडे! अजून डावीकडे! अरे गधड्या, तुझी डावी नाही, माझी!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी गच्चीच्या दिशेने ओरडत होते. डोंगरावरून झोंडा हा गरम वारा सुटला की आमच्या अँटेनाचं तोंड फिरायचं, आणि ऐन रंगात आलेल्या मालिकेतल्या नायिकेच्या चेहऱ्यावर मुंग्या नाचायच्या. वर माझा भाऊच आहे अशी माझी समजूत.

"आता... दिसतेय का?" वरून अनोळखी आवाज आला.

मी अंगणात धावले. गच्चीवर धुळीने माखलेला एक उंच तरुण उभा होता. एका हातात अँटेना, दुसऱ्या हातात ओला शर्ट.

"शर्ट उडून आला तुमच्याकडे. न्यायला आलो, तर तुम्ही कामाला जुंपलंत. शिव्या मिळाल्या त्या वेगळ्याच!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चित्र... छान दिसतंय आता," कसंबसं म्हणाले.

"मलाही इथून छानच दिसतंय," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

हा फाउस्तो. शेजारच्या घराच्या मागच्या खोलीत नुकताच राहायला आलेला, वाइनच्या कारखान्यात पिंपं धुणारा. त्यानंतर आमची अँटेना रोज दुपारी तीनला बिघडू लागली. तो आपल्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर यायचा आणि मी खिडकीतून त्याला मालिकेची गोष्ट सांगायचे.

"रडतेय का अजून?"

"रडेल नाही तर काय! तो मेला बोलतच नाही काही."

"मग तिनेच बोलावं की!"

"इतकं सोपं असतं का?"

"नसतं," तो हळूच म्हणायचा. "म्हणून तर मी रोज वर चढतो..."

मजुरी म्हणून मी त्याला गरम एम्पानादा, म्हणजे खिमा भरलेली करंजी, द्यायचे. संध्याकाळी त्याच्या खोलीतून गिटार ऐकू यायची, कायम बेसूर. आई कपाळावर हात मारायची आणि मी मुद्दाम अंगणात भांडी घासत बसायचे. किती सुखाचे दिवस होते ते!

मग एक दिवस तो गच्चीवरून म्हणाला, "ब्युनोस आयर्सला काम मिळालंय. शुक्रवारी संध्याकाळची बस. इथे मला थांबवणारं तरी कोण आहे, एल्विरा?"

तो उत्तराची वाट बघत होता. आणि मी मूर्खासारखी म्हणाले, "थोडं उजवीकडे... हं, बस."

शुक्रवारी सुट्टी होती. बाबांनी त्याला निरोपाचं जेवण दिलं. द्राक्षवेलीच्या मांडवाखाली टेबल मांडलं, निखाऱ्यावर मांस भाजलं, घरची लाल वाइन काढली. आई तिच्यात सोडा घालत होती आणि बाबा दरवेळेसारखे तिला रागे भरत होते. सगळे हसत होते. मी ताटातलं मांस नुसतं इकडून तिकडे सारत होते.

आमच्याकडे बाटलीतला शेवटचा थेंब ज्याच्या पेल्यात पडेल, त्याचं वर्षाच्या आत लग्न होतं असं मानतात. बाबा तो थेंब नेहमी ओफेलिया आत्याला द्यायचे. आत्या साठीची, अविवाहित.

"घे, ओफेलिया!" बाबांनी बाटली उपडी केली.

"देवाला म्हणावं, पाठव आता तरी कुणाला! दात पडायला लागले माझे," आत्या म्हणाली.

तेवढ्यात आतून मालिकेचं संगीत सुरू झालं. आज शेवटचा भाग! सगळे उठले. फाउस्तोही पिशवीकडे वळला.

माझ्यात कुठून बळ आलं कोण जाणे. मी बाबांच्या हातातली बाटली ओढली आणि फाउस्तोच्या पेल्यावर उपडी धरली.

"अगं, रिकामी आहे ती," बाबा म्हणाले.

"असतो एखादा..."

आई दारात थबकली. कोणी आत जाईना. बाटलीच्या काठाशी एक थेंब जमला, लोंबकळला... आणि पडला.

फाउस्तोने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेल्यात बोट बुडवून त्याने ते माझ्या कपाळाला टेकवलं. "एकट्याचं कसं व्हायचं लग्न?" तो म्हणाला. "एल्वी... अँटेना वाऱ्याने नव्हती फिरत गं."

"माहीत आहे. झोंडा काय रोज तीनच्या ठोक्याला सुटतो?"

"म्हणजे माझी अँटेना हा चोर—!" बाबा गरजले.

"बस खाली, भावा," आत्याने त्यांना दटावलं. "दुसरी बाटली उघड. माझा नंबर गेला!"

संध्याकाळची बस त्याच्याशिवाय गेली.

आता बाबा नाहीत, आत्या नाही. टीव्ही भिंतीला टांगलेला असतो, त्याला अँटेना लागत नाही. त्या दिवशीचा शेवटचा भाग आमच्यापैकी कोणीच पाहिला नाही. शेजारणी सांगायला आल्या, तर फाउस्तोने कानांवर हात ठेवले. "एल्वी सांगेल तेच खरं," म्हणाला.

अजूनही दुपारी तीनला तो खुर्चीतून विचारतो, "रडतेय का अजून?"

आणि मी दरवेळी तिचं लग्न लावून देते.