अडतिसावी पेटी

बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली तशी आत्याने हात मागे घेतला आणि सरपंचाकडे पाहिलं. देवळाच्या सभामंडपात जमलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. सरपंच संपत जंगम पुढे आला. बारसं त्याच्याच नातीचं होतं. त्याने फोन डोक्यावर धरला, सभामंडपाच्या चारी कोपऱ्यांत थोडा थोडा थांबला, मग पाळण्याच्या दोरीजवळ आला. वीस सेकंदांनी फोनचा पडदा हिरवा झाला.

"घाला आता," तो म्हणाला. पाळणा हलला, बायका पुन्हा बोलू लागल्या, घुगऱ्यांचं पातेलं फिरू लागलं.

करंजवडे गावाला आता यात काही नवल वाटत नव्हतं. शाळेत प्रार्थनेआधी, शेतात विळा घालण्याआधी, ओढ्यावर धुणं नेण्याआधी फोन वर धरला जाई. 'कानोसा' हे फोनमधल्या त्या ॲपचं नाव. प्रत्येक कीटक सेकंदाला ठरावीक वेळा पंख मारतो, त्यातून त्याचा स्वर ठरतो. फोन तो स्वर ऐकून सांगे, हिरवा म्हणजे निर्धास्त, लाल म्हणजे जवळपास बंदरी.

परदेशी लाकडाच्या ओंडक्यांतून ही गांधीलमाशी दीड वर्षापूर्वी कोकणातल्या एका बंदरात उतरली, म्हणून लोक तिला बंदरी म्हणू लागले. अंगठ्याएवढी, पिवळ्या तोंडाची. घाट चढून ती वर आली आणि मार्चमध्ये करंजवड्यात एका बाईला सरपण गोळा करताना चाळीस ठिकाणी डसली. ती बाई संपतची वहिनी होती. दवाखान्यात नेईपर्यंत गेली. त्यानंतर हॉटेलं ओस पडली, उकाड्यात खिडक्यांना जाळ्या लागल्या, मुलं डोक्यावर गोणपाट घेऊन शाळेत जाऊ लागली. एप्रिलमध्ये 'कानोसा' आला तेव्हा गावोगाव पथकं उभी राहिली. लाल दिसेल ते पोळं गॅसच्या बंबाने जाळायचं, असा नियम झाला.

'कानोसा' वृषाली भोसेकरने तयार केला होता. पुण्याच्या कीटकध्वनी कक्षातली ती संशोधक. आज दुपारी चार वाजता करंजवड्याला 'बंदरीमुक्त गाव' असा फलक मिळणार होता आणि तो तिच्या हस्ते लागावा अशी संपतची इच्छा होती. ती मात्र वेगळ्याच कारणाने आली होती. या गावातून एक्क्याण्णव वेळा लाल नोंद झाली होती आणि मेलेल्या बंदरी जमा झाल्या होत्या फक्त चार.

"बाकीच्या जळून खाक झाल्या असतील, मॅडम," संपत म्हणाला. "आमचं पथक काय हातात टाळ घेऊन जात नाही."

"पोळी कुठली होती?"

"निम्म्याहून जास्त रानातली. बाकी आमच्या धाकलूतात्याच्या पेट्या. बंदरीला घर दिलं म्हाताऱ्याने. विचारा त्यालाच, मध किती निघाला ते!"

भोवतालचे हसले. खांबाला टेकून बसलेला धाकलू ढेबे हसला नाही. साठी उलटलेला मधपाळ. समोरच्या द्रोणातल्या घुगऱ्या तशाच होत्या. वृषालीने पेट्यांची जागा दाखवाल का म्हणून विचारलं, तेव्हा तो उठला.

गावामागच्या उतारावर कारवी फुलली होती. सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. सगळा डोंगर जांभळा झाला होता. वृषालीने सवयीने फोन वर धरला. हिरवा. ती आणखी वर गेली. तिथेही हिरवा. मग तिच्या लक्षात आलं की फोनला ऐकायला काहीच नव्हतं. फुलांच्या एवढ्या रानात एकही माशी गुणगुणत नव्हती.

"फुलली तर हाय," धाकलू म्हणाला, "पण तिच्याकडं जाणार कोण? बी न्हाई धरलं तर पुढच्या येळेला डोंगर बोडकाच."

पठारावर त्याने काळी पडलेली जमीन दाखवली. "सदतीस पेट्या हितं जाळल्या. पयली काडी म्याच लावली. संपतच्या वहिनीला बंदरी डसली ती माझ्या पेट्यांपासनं हाकेवर. गाव म्हणतंय ते खोटं न्हाई, ताई. माझ्या पेट्यांत बंदरी शिरली आन् म्या ती पोसली. पाप माझंच."

"पेटीत बंदरी पाहिलीत?"

"बघायला कोण थांबतंय? फोन लाल झाला की बंब चालू."

तो थोडा घुटमळला, मागे पाहून घेतलं आणि तिला कारवीच्या गच्च जाळीत घेऊन गेला. तिथे पोत्याखाली एक पेटी होती. सातेरी जातीच्या मधमाश्यांची, अडतिसावी.

"ही लपवली. कुणाला ठाव न्हाई. फोन तुमी केला, तर तुमीच सांगा हिच्यात काय हाय. बंदरी असंल तर माझ्या हातानं जाळतो."

वृषालीने फोन पेटीच्या दाराशी धरला. कामकरी माश्या शांतपणे ये-जा करत होत्या. हिरवा. तिच्या पिशवीतल्या डबीत शेजारच्या खोऱ्यातल्या सापळ्यात आदल्या दिवशी सापडलेली एक मेलेली बंदरी होती, लोकांना ओळख पटवण्यासाठी बरोबर घेतलेली. तिने डबीचं झाकण उघडून डबी दाराशी ठेवली.

वास लागताच माश्या दाराशी दाटल्या. त्यांनी अंग वर उचललं आणि आतून एक लांब फुत्कार उठला, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा. तो थांबला, पुन्हा उठला.

पडदा लाल झाला.

डबीतली बंदरी मेलेली होती. तिचे पंख हलत नव्हते. वृषालीने डबी बंद करून लांब ठेवली, तरी माश्या फुत्कारत राहिल्या आणि पडदा लालच राहिला.

"दुष्मन आला की फुसफुसत्यात," धाकलू सहज म्हणाला. "मग समद्या मिळून त्याला गराडा घालत्यात आन् अंगाच्या उबेनं भाजून मारत्यात. माझा बा सकाळी पेटीला कान लावायचा. फुसफुसली की म्हणायचा, राखण चालू हाय."

वृषाली खाली बसली. फोनला बंदरी ओळखायला शिकवताना तिने दहा-दहा मिनिटांचे आवाज जमवले होते, बंदरीने हल्ला केलेल्या पेट्यांच्या दारांत घेतलेले. त्या दहा मिनिटांत बंदरी असे दोन-तीन मिनिटं. उरलेला वेळ माश्यांचा हाच फुत्कार. तिने मात्र अख्ख्या ध्वनिफितीवर एकच नाव लिहिलं होतं, बंदरी. मार्चच्या चाचणीत बंदरी उडून गेल्यावरही पडदा लाल राहत होता. वहीत तिने 'तपासणे' असं लिहून खाली रेघ मारली होती. त्याच आठवड्यात करंजवड्यातली ती बाई गेली आणि 'कानोसा' सुरू करायची तारीख अलीकडे आली. चुकून लाल दिसला तर चालेल, चुकून हिरवा दिसता कामा नये, असं बैठकीत ठरलं आणि तिने सही केली.

म्हणजे या डोंगरावर बंदरीला अडवून धरणारं जे काही होतं, तेच फोनने शोधून शोधून दाखवलं होतं.

"पाप तुमचं नाही, तात्या," ती म्हणाली. "पेट्यांत बंदरी नव्हती. फोन चुकला. मी चुकले. यांच्या फुसफुसण्यालाच त्याने बंदरी म्हटलं."

धाकलूने पेटीवर हात ठेवला. "आवाज माझ्या वळखीचा हुता," तो म्हणाला. "सदतीस येळा ऐकला. पण फोन लाल. म्हटलं, आपण अडाणी."

तेवढ्यात वृषालीच्या ध्यानात आलं. प्रत्येक लाल नोंद आपोआप नकाशावर चढत होती आणि जवळच्या पथकाला संदेश जात होता. ती सोयही तिचीच. तिने घाईघाईने कक्षप्रमुख पाटणकरांना फोन लावून सगळं सांगितलं आणि खूण पुसायला सांगितली.

"पुसतो. पण बाहेर बोलू नकोस," पाटणकर म्हणाले. "महिन्याभरात सुधारून गुपचूप टाकू. आज चूक कबूल केलीस तर उद्या खऱ्या लाललाही कुणी हलणार नाही. माणसं मरतील, वृषाली."

यात खोटं काही नव्हतं, हेच अवघड होतं.

खूण पुसेपर्यंत संदेश गेला होता. पाऊलवाटेने पाच जण वर आले, पुढे संपत, बारशाच्या सदऱ्यावर जाड जाकीट चढवलेला, खांद्याला गॅसचा बंब.

"अरं तात्या!" तो ओरडला. "गावाला फलक मिळतोय आन् तू हितं लपवून ठेवतोस? माझी नात हाय खाली!"

धाकलू पेटीपुढे उभा राहिला. वृषाली त्याच्याही पुढे गेली.

"संपतराव, यात बंदरी नाही. फोन चुकतोय. हा आवाज माश्यांचा आहे, त्या बंदरीला हाकलताना करतात तो. ही चूक मी केली आहे. तुमची, तात्यांची, कुणाची नाही."

पथकातला एक जण हसला. "मॅडम, तुमचं ऐकू का तुमच्या फोनचं?"

संपत हसला नाही. "वहिनी गेली तेव्हा फोन नव्हता," तो सावकाश म्हणाला. "फोन आला, त्यानंतर गावात कुणी गेलं नाही. आता तो खोटा म्हणताय. मग आज पाळण्यावर हिरवा दिसला, तो तरी खरा कशावरून?"

'महिन्याभरात सांगते' हे उत्तर त्या माणसाला देता येत नव्हतं.

"संपत," धाकलू म्हणाला. "फोन ठेव. हितं बस. कान लाव."

"डसतील."

"डसल्या तर डसल्या. आपल्याच हायेत."

संपतने बंब खाली ठेवला, पण नळीवरचा हात काढला नाही. तो गुडघ्यांवर आला, मान वाकडी केली आणि पेटीच्या लाकडाला कान टेकला. आत फुत्कार उठला, थांबला, पुन्हा उठला. जाकिटाच्या खिशातून डोकावणाऱ्या त्याच्या फोनचा लाल उजेड दिसत होता. एक माशी त्याच्या भुवईवर बसली, चालत गेली, उडाली. तो हलला नाही.

मग त्याने मान उचलली आणि नळीवरचा हात काढला. धाकलूकडे पाहायचं त्याने टाळलं.

"मॅडम," त्याने विचारलं, "त्या सदतीस पेट्यांतही हाच आवाज होता?"