कोरड्या बर्फाचा उतार

मंगळाच्या दक्षिण ध्रुवावरच्या तळावर शेखर धुमाळ स्की निवडत होते. उताराच्या पायथ्याशी त्यांचा सहकारी कुरियन याची हिमगाडी बंद पडली होती. तिची बॅटरी संपत आली होती, आणि ती संपली की गाडीतली ऊबही जाणार होती. दुसरी गाडी तळावर नव्हती. नवी बॅटरी पाठीवर घेऊन कुणीतरी घसरत खाली जायला हवं होतं. सैन्यात असताना धुमाळांनी गुलमर्गला स्कीइंग शिकवलं होतं, तेव्हा कोण जाणार हा प्रश्नच नव्हता.

"बर्फ भुसभुशीत आहे. रुंद स्की घेतो, रुतणार नाहीत," ते म्हणाले.

"सर, हा पाण्याचा बर्फ नाही," तळावरची भौतिकशास्त्रज्ञ शाल्मली दात्ये म्हणाली. "गोठलेला कार्बन डायऑक्साइड आहे. तो वितळत नाही, थेट वायू होतो. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टेकत नाही, नाचत राहतो, कारण खाली वाफ असते. इथे तुमची स्की हाच तवा. खोलीतली उबदार स्की बर्फावर ठेवलीत, की खाली वायुगादी तयार होणार. स्कीची कड बर्फात शिरणारच नाही."

"म्हणजे वळता येणार नाही. थांबताही." धुमाळांनी रुंद जोडी परत ठेवली. "मग अरुंद घेतो, वायू बाजूने निसटेल. आणि आधी बाहेर गार होऊ दे."

स्की पुरत्या गारठल्यावर ते निघाले. शाल्मली खिडकीतून पाहत होती. सुरुवातीची वळणं त्यांनी इतकी सफाईने घेतली, की तिचा जीव भांड्यात पडला. मग वेग वाढत गेला आणि अर्ध्या उतारावर ते कोसळले.

"गुडघा गेला," रेडिओवर त्यांचा आवाज आला. "पोशाख शाबूत आहे, ऊबही आहे. पण चांगली धरलेली कड एकाएकी सुटली."

शाल्मलीने रेडिओ उचलला. "घर्षण. तुम्ही सलग उतरलात. स्की तापल्या, त्यांना निवायला वेळच मिळाला नाही."

"म्हणजे स्कीइंग चांगलं येणाऱ्यालाच धोका जास्त." धुमाळांनी पुढे विचारलं. "तुला कितपत येतं?"

"उभं राहता येतं. कधीकधी."

"मग आखूड, अरुंद जोडी बाहेर ठेव, आणि तूच ये."

ती निघाली, पडली, उठली, पुन्हा पडली. दर वेळी उठेपर्यंत स्की निवत होत्या. धुमाळांकडून बॅटरी घेऊन तिने उरलेला उतार तसाच, धडपडत पार केला.

तिच्यामागे गाडीचं बाहेरचं दार बंद झाल्यावर कुरियनने आतलं दार उघडलं. त्याचे ओठ निळे पडले होते. "काचेतून बघत होतो," तो म्हणाला. "वाटलं, स्की येणारं कुणी उरलंच नाही वर."

"येणारे मध्येच पडलेत," बॅटरी जोडत ती म्हणाली. "गाडी सुरू कर. आधी त्यांना उचलू."