पुलावरची ड्युटी

मोबाईल ठेवा खाली, न्हायतर उठा हितनं. ही काय कुठली ऐकीव गोष्ट न्हाय. आकाराम माझ्या शेजारचा. त्यानं माझ्यासमोर बसून सांगितलेली हाय.

मिलिटरीतनं सुटून आल्यावर आकाराम कागल एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागला. यंदाच्या बसवजयंतीची आदली रात्र. उकाडा असा, की अंगावर बनियन नको वाटावं. दुसरी पाळी संपवून साडेअकराला हा गाडीवरनं गावाकडं निघाला. डिकीत गुळाची ढेप. गावातल्या रत्नव्वानं सकाळीच बजावलं होतं, "उद्या सणाला गव्हाची गोड हुग्गी करायची हाय. चन्नाप्पाला लई आवडायची. गूळ इसरू नगंस."

चन्नाप्पा तिचा एकुलता एक. आकाराम आणि तो एकाच वर्षी भरती झाले, एकाच पलटणीत गेले. चार वर्षांमागं बर्फातल्या चौकीवर चन्नाप्पा गेला. आकारामनं म्हातारीला सांगितलं, "अव्वा, झोपेतच गेला. तरास झाला न्हाय त्याला."

खोटं होतं ते. त्या रात्री बारा वाजता आकारामनं जाऊन त्याला पहाऱ्यावरनं सोडवायचं होतं. हा शेगडीजवळ जरा टेकला आणि डोळा लागला. बदली आल्याबिगर जवान जागा सोडत न्हाय. चन्नाप्पानंबी सोडली न्हाय. पहाटे हा धावत गेला, तर तो उभ्या उभ्या गारठून... जाऊ दे.

तवापासनं म्हातारीचं दळण, औषध सगळं आकाराम बघायचा. लोक म्हणायचे, पोटच्या पोरागत करतोय की. ते ऐकलं की हा ताटावरनं उठायचा.

तर ओढ्याच्या पुलावर गाडी बंद पडली. किका मारून दमला. हेडलाइटबी गेली. आणि थंडी वाजाय लागली.

वैशाखात.

कठड्यापाशी कोणतरी उभं होतं. अंगात जाड कोट. कानटोपी. पाठ ह्याच्याकडं.

"कोण हाय?"

हा जवळ गेला. उभं राहायची ती ढब ह्यानं ओळखली.

"चन्नाप्पा..."

"आलास व्हय." आवाज घोगरा. "लई उशीर केलास गा."

"चुकलं माझं," आकाराम रडाय लागला. "झोपलो मी. तू जा घरी. मी थांबतो हितं."

तो वळला. तोंड दिसलं न्हाय. गावाकडं चालत गेला. पाय वाजले न्हाईत...

आकाराम तिथंच उभा राहिला. उजाडल्यावर दूधवाल्यानं बघितला, तवा त्याचे दात वाजत होते. तसाच गूळ घेऊन तो रत्नव्वाच्या दारात गेला.

"अव्वा, झोपेत न्हाय गेला त्यो. झोपलो होतो मी. त्याला सोडवायला गेलोच न्हाय."

म्हातारी म्हणाली, "रात्री दार वाजलं. कोणतरी आत येऊन निजलं. मला वाटलं, सपान पडलं." तिनं आत मान वळवली. "गूळ ठेव खाली. त्याची खाट बघ."

खाटेवर वाकळ होती. कडंला कड जुळवून चौकोनी घडी, बराकीत घालतात तशी. म्हातारीची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, तिला पदरबी धड धरवत न्हाय.

आकारामनं घडी उलगडली.

आत मूठभर बर्फ होता.