अकरा लोटे

सेक्टर दहाच्या क्वार्टरांवर वर्षभर लाल धूळ बसते. स्टील प्लांटच्या बाजूनं येते. बारीक, विटकरी, बोटाला लागली की साबणानंही लवकर निघत नाही. ही धूळ, कडुलिंबाची पानं आणि लिंबोळ्या मिळून मे महिन्यापर्यंत पन्हाळीत दोन बोटं जाड थर होतो. मृगाआधी तो खरडून काढला नाही तर पाणी भिंतीत शिरतं. म्हणून माझे बाबा, देवाजी, दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात शिडी लावत.

जस्ती पत्र्याची ती पन्हाळ त्यांनी स्वतः बसवलेली. पुढच्या ओसरीपाशी सुरू होते, घराच्या कडेनं जाते, कोपऱ्यावर वळते आणि मागच्या अंगणात तिचं तोंड उघडतं. चाळीस फूट. पुढे शिडीवर उभ्या माणसाला मागचं काही दिसत नाही. त्यामुळे साफसफाई झाली की दोघांनी मिळून ती तपासायची. बाबा वरून एक लोटा पाणी सोडत. माझी आई, शेवंता, मागे तोंडाखाली बादली धरून उभी असे. पाणी पोचलं की ती ओरडे, "आलं!" मी लहानपणी मोजायचे. सतरा म्हणेपर्यंत पाणी यायचं.

ते पहिलं लाल पाणी आई अंगणातल्या गोडलिंबाला, कढीपत्त्याच्या झाडाला, घालायची. उभ्या उभ्या काहीतरी गुणगुणायची. तिचंच जुळवलेलं असायचं:

पन्हाळीचं गं पानी, माह्या बादलीत येऊ दे
वर उन्हात माहा धनी, त्याले खाली गं उतरू दे

बाबा प्लांटमध्ये फिटर होते. चौतीस वर्षं. तिथला एक नेम त्यांनी घरातही आणला होता: दोघं दोन टोकांना असले, तर समोरून उत्तर आल्याशिवाय आपली जागा सोडायची नाही. आणि उत्तर आलं की मग शंका घ्यायची नाही, जाऊन पाहायचं नाही. "उत्तर म्हंजे उत्तर," ते म्हणत. आई या नेमाची टर उडवायची. पाणी येऊनही कधी कधी मुद्दाम गप्प बसायची. बाबा वरून विचारत, "आलं का वं?" मग मागून हसू यायचं, "राहा उभे थोडे उन्हात, फिटरसायेब! गोरे कुठचे तुमी!"

गेल्या वर्षी बाबांनी लोटा सोडला, आणि उत्तर आलं नाही. त्यांना वाटलं, ती गंमत करून राहिली. दुसरा सोडला. तिसरा. ते ओरडत राहिले, ओतत राहिले, आणि जागा सोडली नाही. अकरा लोटे. वीस मिनिटं. शेवटी शेजारच्या मारोतरावकाकांनी कुंपणावरून आईला पडलेली पाहिलं आणि आरोळी दिली. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदमच थांबलं होतं, वीस मिनिटांनी काही फरक पडला नसता. बाबांनी ते मान हलवून ऐकून घेतलं. त्यांना पटलं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

या वर्षी मी त्यांना न्यायला आले. एकटा माणूस, चौऱ्याहत्तर वर्षांचा, दोन वेळा भात करून सहा वेळा खाणारा. कपडे ढगळ झाले होते. दिवाळीत नाही म्हणाले, संक्रांतीला नाही म्हणाले. आणखी एक पावसाळा ते या घरात एकटे काढू शकणार नाहीत, हे त्यांच्या मनगटाकडे पाहूनच समजत होतं.

"पन्हाळ झाली का निघतो," ते म्हणाले. "एक डाव पाणी सोडून पाहू. उत्तर आलं का चाललो मी. सांगून ठेव रोशनले."

रोशन माझा नवरा. त्याला मी फोनवर सांगितलं, उद्या ये गाडी घेऊन.

मी रायपूरला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. पाणी नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहिते.

बाबांना शिडीवर चढू दिलं नाही. मीच चढले, सगळा थर खरवडला, ओल्या फडक्यानं पत्रा पुसून काढला. बाबा मागे बादली घेऊन उभे राहिले. मी लोटा सोडला. पाणी चकाकत कोपऱ्याकडे गेलं, वळलं. मी मोजू लागले. सतरा झाले. तीस झाले. शंभर.

मागे गेले. बाबा तसेच उभे. बादली कोरडी.

शिडी कोपऱ्याला लावून पाहिलं. कोपऱ्यापर्यंत पत्रा ओला होता. कोपऱ्याच्या पलीकडे ओल नव्हती, कचरा नव्हता, भोक नव्हतं. प्रत्येक जोडाखाली मी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि पुन्हा सोडलं, या खेपेला मोजून दोन लिटर. कागदावर एक थेंब नाही.

"पत्रा तापला असन, पोरी," मारोतरावकाका कुंपणावरून म्हणाले. "उडून गेलं असन. तू तं सायन्सवाली, अन् मलेच इचारून राहिली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाहिलं. पत्रा हाताला गार होता. दोन लिटर सोडले. कोपऱ्यावर वळताना पाण्याचा आवाज येत होता, आणि वळल्यावर तो थांबत होता, दार लोटून घ्यावं तसा.

रोशनला म्हटलं, अजून एक दिवस थांब.

बाबांना या सगळ्याचं नवल वाटलेलं दिसत नव्हतं. चहा बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "तिचं लुगडं कोरडं होतं."

"कोणाचं, बाबा?"

"तुह्या मायचं. मी अकरा लोटे सोडले ना. थे तोंडाच्या बराबर खाली पडली होती. पण लुगडं कोरडं. केस कोरडे. खालची फरशी कोरडी. डॉक्टरले सांगितलं नाही, तुले नाही. कोणाले सांगू?"

मी विचारलं,

"मंग पाणी कुठं गेलं?"

"वरच हाये. पोचलं नाही अजून." त्यांनी बशी खाली ठेवली. "पोचल्याबिगर थे 'आलं' कशी म्हनन? खोटं नोती बोलत थे. मज्जाक करे, खोटं नाही. अन् थे म्हनत नाही तोवर मी कसा हलू, आमू?"

वर्षभर हा माणूस घरात राहत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तो शिडीवर उभा होता.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या आधी उठले आणि चढले. खाली या म्हटलं तर म्हणाले, "मांगं जा. बादली धर." आईशी बोलत तसंच, जरासं हुकमी.

मी मागे जाऊन उभी राहिले. ऊन फरशीवर आलं होतं. गोडलिंबाची सावली माझ्या पायांपर्यंत पोचत नव्हती.

लोटा रिकामा होण्याचा आवाज आला. मग पत्र्यावरून सरकत येणारं पाणी. मग काही नाही.

"आलं का?" बाबांनी विचारलं.

मी पन्हाळीच्या तोंडाकडे पाहिलं. आत काळोख आणि कोळ्याचं एक नवं जाळं, न भिजलेलं.

दुसरा लोटा.

"आलं का वं?"

शिडी कुरकुरली. पत्र्यावर तिचं टोक वाजत होतं, टक टक टक.

तिसरा.

"शेवंता, आलं का?"

त्या आवाजात चिडणं नव्हतं. ते मला सोसलं नाही.

"आलं!" मी ओरडले.

शब्द शेवटी लांबला, आई लांबवायची तसा. मी तसं ठरवलं नव्हतं.

वर लोटा बादलीत टाकल्याचा आवाज आला. मग शिडीची एक पायरी वाजली. दुसरी. तिसरी. ते उतरत होते.

मागे येऊन त्यांनी पाहिलं नाही. उत्तर म्हणजे उत्तर. ओसरीत बसून त्यांनी पाय धुतले, चेहऱ्यावरून ओला हात फिरवला आणि म्हणाले, "चाल. भूक लागली." तीन पोळ्या खाल्ल्या. आईचा फोटो स्वतः कागदात गुंडाळला. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो माझ्या हातात दिला. शिडी भिंतीशी आडवी करून ठेवली आणि तिच्यावर पोतं टाकलं.

चारच्या सुमाराला रोशन आला. सामान गाडीत गेलं. बाबा पुढच्या सीटवर बसले, मांडीवर आईचा फोटो. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आलेले पाहिले.

मागचं दार लावायचं राहिलं होतं. मी एकटी आत गेले. बादली उचलली. कोरडीच होती. ती आत ठेवून दाराला कडी लावणार, तेवढ्यात अंगणात पाणी पडल्याचा आवाज आला.

आभाळ स्वच्छ होतं.

पन्हाळीच्या तोंडातून लाल पाणी पडत होतं. लोटाभर. थांबलं. एखादा माणूस बादलीत लोटा बुडवील आणि "आलं का?" विचारील, एवढा वेळ गेला. पुन्हा लोटाभर.

मी मोजले. शेवटी शेवटी दोन लोट्यांमधला वेळ कमी होत गेला, घाई झाल्यासारखा. अकरा झाले आणि थांबलं. या तीन दिवसांतलं आमचं पाणी त्यात नव्हतं.

पुढे शिडी आता आडवी होती, वर कोणी नव्हतं.

"आमू!" बाहेरून बाबांची हाक आली. "कावून थांबली वं?"

पाणी फरशीवर पसरत होतं. पन्हाळीच्या तोंडापासून निघालं, दोन्हीकडून वळसा घालून गेलं आणि पलीकडे एक होऊन गोडलिंबाच्या मुळाशी पोचलं. मधली जागा तेवढी त्यानं सोडली होती. पाच फूट लांब, गुडघ्यात थोडी मुडपलेली, एक हात उशाला घेतलेला. आई दुपारची तशीच निजायची.