आठवा खण

नांदूरघाटच्या अलीकडं, विठ्ठलरावांच्या रानातल्या मोबाईलच्या टॉवरवर बंकट भर दुपारी एकला अँटेना बघायला चढला. खाली पत्र्याच्या खोलीत रुद्रेश लॅपटॉप उघडून बसला. बंकट त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याला या कामाला रुद्रेशनंच लावलं होतं, त्याच्या आईला, रतनबाईला शब्द देऊन, की जसा नेईन तसा आणून सोडीन.

साल २००५. गावात दहा-दहा तास लाईट नाही, नळाला पाणी आठवड्यातून एकदा, पण कंपनीच्या साहेबाला इथं मोबाईलवर इंटरनेट पळवायचं होतं. चारच्या आत वेग दिसला नाही तर दोघांनी उद्यापासून घरी बसायचं, असं त्यानं औरंगाबादेच्या गारगार केबिनमधून सांगून टाकलेलं.

काम तसं सरळ. टॉवर वेळेचे आठ खण पाडतो. बोलणाऱ्याला एक खण पुरतो. आठही खण एकाच मोबाईलला जोडून दिले की इंटरनेट पळतं. सात मोकळे होते. आठव्यात कुणीतरी बोलत होतं.

रुद्रेशनं कॉल कधीचा ते पाहिलं. एकवीस दिवस. टॉवर सुरू झाला त्या दिवसापासूनचा. नंबरच्या जागी काहीच नव्हतं. मशीनचा बिघाड, दुसरं काय, म्हणून त्यानं तो तोडला. वेग सरसर चढला. दोन मिनिटांत कॉल परत आला.

मोबाईलची लहर टॉवरला किती उशिरा पोचते, त्यावरून माणूस किती लांब आहे ते पडद्यावर दिसतं. एक आकडा म्हणजे अर्धा किलोमीटर. मघाशी बारा होता. आता नऊ.

फटफटीवर असेल कुणी. त्यानं परत तोडला. सहा.

रुद्रेश बाहेर आला. ज्वारी काढून नेलेली, नुसती धसकटं उभी. नजर जाईल तिथवर रस्ता मोकळा. धुरळा नाही, माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. पडद्यावर अंतर कळतं, दिशा कळत नाही. तो गोल फिरून बघत राहिला.

साहेबाचा फोन आला.

"साहेब, कुणीतरी जवळ येतंय."

"येऊ दे ना बे. तुला वेगाशी मतलब. तोड."

रुद्रेशनं तोडला. तीन.

पोटासाठी माणूस काय काय करतो. त्यानं परत तोडला.

शून्य.

लहरीचा जोर असा, जणू मोबाईल वरच्या अँटेनाला चिकटवलाय.

तो धावत बाहेर आला. बंकट शेंड्यावर होता. एका हातानं त्यानं लोखंड धरलं होतं. दुसरा हात बाजूला, रिकाम्या हवेत, खांद्यापासून सरळ ताणलेला.

"बंकट, उतर खाली!"

उत्तर नाही. मान हलली नाही.

रुद्रेश आत पळाला. गेली नोकरी तर गेली. त्यानं वेगाची जोडणी काढली, आठवा खण ज्याचा होता त्याला परत दिला.

एक. तीन. सात.

बाहेर शिडी वाजली. बंकट उतरत होता. एका लयीत, सावकाश. खाली आला, जीपमध्ये जाऊन बसला.

खोलीला कुलूप लावण्याआधी रुद्रेशनं पडद्याकडं पाहिलं. आकडा बारावर थांबला नव्हता. त्रेसष्टवर होता. त्याच्या पुढं मशीनला मोजताच येत नाही.

जीप बीडच्या वाटेला लागली. रुद्रेशच बडबडत होता. साहेबाला शिव्या घातल्या, दुसरं काम बघू म्हणाला, पाण्याची बाटली पुढं केली. बंकट समोर बघत बसलेला. जिता-जागता बाजूला होता, एवढं बास होतं. रतनबाईला तोंड दाखवता येणार होतं.

अर्धा तास झाला. रुद्रेश बोलून दमला, गप झाला.

तेव्हा बंकटचे ओठ हलले. उंचावरून खालच्या माणसाला ओरडून सांगावं तसं, पण अगदी हळू.

"उतरतो की, रुद्र्या. आदी ह्याला माजा हात सोडाय सांग."