याडीची चाल

पुसदच्या बाजारात उतरलेल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत त्या संध्याकाळी सगळं पब्लिक पोट धरून हसत होतं, आणि जमनी एकटी रडत होती.

मुख्य खेळाआधी मालकानं एक जुनं मूक रीळ लावायला लावलं होतं. कुणा हौशी पाहुण्यानं दहा वर्षांमागं हातानं कॅमेरा फिरवून पुसदचाच बाजार टिपला होता. पडद्यावर तांड्याच्या बाया डोक्यावर मोळ्या घेऊन तुरुतुरु पळत होत्या, म्हणून तो हशा. त्यांतली दुसरी जमनीची याडी, तिची आई. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. घरात फोटो एकही नाही. चेहरा आठवायचा... पण ती चालायची कशी, ते हल्ली जमनीला काही केल्या आठवत नव्हतं.

खेळ सुटल्यावर ती थेट मशीनपाशी गेली. ऑपरेटर होता पूनमसिंग, उमरखेडकडच्या तांड्यातला तरुण गडी.

"माह्या याडीले काहून पळवलं तू?"

तो रीळ गुंडाळता गुंडाळता थांबला. सगळं ऐकून खाली मान घालून म्हणाला, "चूक माहीच हाय. ते सेकंदाले सोळा चित्रं घेतलेलं. माही मशीन चोवीस फेकते. मंग माणूस दीडपट धावते."

"त हळू चालव."

"एवढ्या मोठ्या पडद्यावर हळू चालवलं त उजेड फडफडते. म्हणून त बाहेरदेशी रुंद फिल्मवाले तीस चित्रं फेकतात म्हणे." मग त्यानं तिच्या ओल्या डोळ्यांकडं पाहिलं. "उद्या दुपारी ये. कोणाले तरी संगं आण."

दुसऱ्या दिवशी ती सुखीबाई काकीला घेऊन आली. काकी बाकावर टेकली आणि घोरू लागली. असे उपकार सगळ्याच काकी करत नाहीत. पूनमसिंगनं मशीनच्या पुढ्यातच पडद्यासारखं धोतर ताणलं होतं. चित्र लहान, दिवा मंद, म्हणजे फडफड कमी. मोटारचा पट्टा काढून तो हातानंच मशीन फिरवणार होता.

"किती हळू फिरवू? तूच चालून दाखव."

"मी?"

"लेक तूच नं तिची?"

लाजत लाजत ती डोक्यावर मोळी असल्यासारखी चालली. त्याची नजर तिच्या पावलांवर.

"पुन्यांदा."

तिसऱ्या खेपेला ती थबकली. "अजून नाई समजलं?"

"पहिल्याच खेपेले समजलं," तो हळूच म्हणाला, आणि त्यानं मूठ फिरवली.

धोतरावर याडी चालू लागली. संथ, डाव्या पायावर जरा जास्त भार देत. हीच ती चाल. मग ती थांबली, मागं वळली, वाट पाहत उभी राहिली... आणि एका चिमुरडीनं धावत येऊन तिचा घागरा धरला. काल हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निघून गेलं होतं.

"माह्यासाठी थांबली होती," जमनी म्हणाली. कुणाचे इतके आभार मानावेत असं तिला जन्मात वाटलं नव्हतं. "तुहे उपकार मी कसे—"

"उपकार नको म्हणू." तो अडखळला. "परवा टॉकीज उमरखेडले जाते. अन् मले... तुले सोडून जाववत नाई."

काकीचं घोरणं थांबलं होतं. जमनीनं ओढणी सावरली.

"आमच्या तांड्याच्या नायकाले भेट. एकटा येऊ नको, तुह्या तांड्याचे दोन मोठे माणसं आण." ती दारापर्यंत गेली, वळली. "अन् त्यायले सांग... पोरगी लग्नाले हाव म्हणते."